अंबाबाईची सहावी खूण

अंबाबाई माझ्याकडे पहिल्यांदा आली ती भांडायला. बारा-तेरा वर्षं झाली. घोडेगावात आमचं कापडाचं दुकान आहे. तिथून नेलेल्या हिरव्या लुगड्याचा रंग पहिल्याच धुण्यात गेला होता. ते लुगडं माझ्यापुढे टाकून ती म्हणाली, "शेठ, लुगडं इकलं अन् रंग भाड्यानं दिला व्हता का?" मी मुकाट्यानं लुगडं बदलून दिलं. मग चार माणसांना विचारलं की माझं काही चुकलं का. चौघंही म्हणाले, चुकलं.

दुसऱ्यांदा ती भेटली पुण्यात, कॅन्सरच्या दवाखान्याच्या तळघरात. रेडिएशनचं मशीन तळघरात असतं. आमच्याकडे त्याला शेक म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटावं, कोणीतरी गरम विटेनं पाठ शेकून देणार आहे. मला प्रोस्टेटसाठी शेक होते. त्याच्या आधी तीन पेले पाणी पिऊन बसायचं आणि नंबर येईपर्यंत उठायचं नाही, असा नियम. नंबर लांबला की बाकावरचे आम्ही तीन-चार म्हातारे एकमेकांकडे न बघता छताकडे बघत बसायचो. आयुष्यभर कमावलेली प्रतिष्ठा अशा वेळी उपयोगी पडत नाही.

"रंगवालं शेठ!" समोरच्या बाकावरून आवाज आला. "तुमाला बी झाला व्हय? बरं झालं, वळखीचं माणूस भेटलं."

अंबाबाई डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. वय पन्नाशीच्या पुढे. पावसाळ्यात भात आणि नाचणी, उन्हाळ्यात रानातला हिरडा. नवरा भागू हा माझ्यापेक्षाही कमी बोलणारा माणूस. छातीतली गाठ तिनं वर्षभर कोणाला सांगितली नव्हती. आधी नाचणी काढायची होती, मग म्हैस व्यायची होती, मग नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. गाठीला मात्र घरची एवढी कामं नव्हती, त्यामुळे ती वाढली. शेवटी ऑपरेशन झालं, आणि आता पंचवीस शेक.

तिनं येताना फडक्यात मोजून पंचवीस हिरडे बांधून आणले होते. एक शेक झाला की बाहेर येऊन बाकावरच्या कोणाला तरी एक हिरडा द्यायचा. "चघळा. कोठा साफ व्हतो." फडकं रिकामं झालं की घरी जायचं. खाण्यापिण्याबद्दल दवाखान्याच्या सूचना फार कडक होत्या, म्हणून सगळे तो हिरडा लपवून खात.

आता खुणांचं सांगतो. शेक नेमका कुठे द्यायचा ते कळावं म्हणून अंगावर जांभळ्या शाईनं फुल्या काढतात. तिला पाच होत्या. भिंतीतून येणारी लाल रेघ त्या फुल्यांवर बसली की माणूस जागेवर आहे असं समजायचं. मशीन कोट्यवधींचं, आणि सगळी भिस्त स्केचपेनवर. फुल्या पुसल्या गेल्या की पुन्हा स्कॅन, पुन्हा माप, आणि तीन-चार दिवस शेक बंद.

या पुसण्यावर तिथं संशोधन चाललं होतं. श्रेया नावाची एक तरुण डॉक्टर तिच्या मोठ्या परीक्षेसाठी प्रबंध लिहीत होती. साठ पेशंट, तीन गट. पहिल्या गटाला साधी शाई, दुसऱ्याला शाईवर पारदर्शक चिकटपट्टी, तिसऱ्याला मेंदी. कोण कुठल्या गटात हे संगणक ठरवणार. नऊ पानी संमतीपत्रावर मी न वाचता सही केली, अंबाबाईनं तीनदा वाचून घेऊन अंगठा दिला. संगणकानं विचारपूर्वक अंबाबाईला चिकटपट्टी दिली आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या मला मेंदी. घरी सुंदरबाईनं, म्हणजे माझ्या पत्नीनं, माझं पोट पाहिलं आणि ती खाली बसून हसली. म्हणाली, "लग्नात माझ्या हातावर एवढी रंगली नव्हती."

अंबाबाईच्या पट्ट्यांना मात्र वैशाखाचा घाम झेपला नाही. पहिल्याच रविवारी ती घरी जाऊन आली आणि सोमवारी पट्ट्यांखाली फुल्यांऐवजी जांभळे ओघळ होते. मशीन चालवणारा गोरख आमच्या कळंबचा. तो म्हणाला, "मावशी, मी सांगितलं होतं ना, घाम येऊ द्यायचा नाही!"

"व्हय की. घामाला निरोप धाडला व्हता, त्याला पोचला न्हाई."

तीन दिवस शेक बंद राहिला. मोठ्या डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं, की असा खंड पडला की उरल्यासुरल्या रोगाला सवड मिळते. आता पुन्हा खंड पडता कामा नये.

बाहेर येऊन ती मला म्हणाली, "सवड मी त्याला एकदा दिली शेठ, वरीसभर. आता न्हाई देणार."

अकरावा शेक झाला त्या शुक्रवारी नव्या फुल्याही फिकट दिसायला लागल्या. तिनं श्रेयाला गाठलं. "डॉक्टरबाई, ह्या फुल्या पक्क्या का न्हाई काढत?"

"काही ठिकाणी सुईनं ठिपके देतात मावशी. आपल्याकडे तो प्रस्ताव समितीकडे आहे."

"कवापास्नं?"

"दोन वर्षं झाली."

"समितीला सुई गावंना व्हय?"

श्रेया हसली आणि दुसऱ्या पेशंटकडे गेली. मीही हसलो. आमच्या दोघांचंही चुकलं.

सोमवारी अंबाबाई आत गेली आणि दोन मिनिटांत गोरख दार उघडून बाहेर धावला. त्याच्या हाकेसरशी आधी सिस्टर आत गेली, मग श्रेया, मग मोठे डॉक्टर. पदर घट्ट लपेटून अंबाबाईही दारात येऊन उभी राहिली. जे झालं ते सगळ्या बाकांनी ऐकलं.

तिच्या वाडीत साळुबाई म्हणून एक म्हातारी आहे. त्या भागातल्या तीन पिढ्यांच्या बायकांच्या कपाळावर आणि हातांवर तिचं गोंदण आहे. अंबाबाईनं शनिवारी तिच्यापुढे बसून पट्ट्या सोलून काढल्या आणि फुल्यांवरच हिरव्या फुल्या गोंदवून घेतल्या.

"शेक घेतलेल्या कातडीवर सुई?" मोठे डॉक्टर ओरडले. "पू झाला असता तर? सगळेच शेक थांबवावे लागले असते!"

"सुई उकळून घेतली व्हती," अंबाबाई म्हणाली. "अन् तिला समितीला इचारावं लागत न्हाई."

"ते राहू द्या," गोरख घाईनं म्हणाला. "मावशी, खुणा पाच होत्या. सहा कशा झाल्या?"

अंबाबाईनं पहिल्यांदाच जरा खाली पाहिलं. "साळुबाई म्हनली, एका अंगाला तीन अन् दुसऱ्या अंगाला दोन, बरं दिसत न्हाई. तिनं जोड पुरी केली."

"मग त्यातली जादा कोणती?"

"ते काय सांगू? समद्या सारख्याच हायेत. तिचा हात लई सारखा हाय."

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला. चुकीच्या फुलीवर रेघ बसवली तर शेक भलतीकडेच जाणार. "पुन्हा स्कॅन करा," ते म्हणाले. "पुन्हा माप. गुरुवारी बघू."

गुरुवार म्हणजे पुन्हा तीन दिवस. अंबाबाई माझ्या शेजारी येऊन बसली. हिरड्यांचं फडकं तिनं दोन्ही मुठींत धरलं होतं. काहीतरी धीराचं बोलावं असं मला वाटलं. पण मी तीन पेले पाणी प्यायलो होतो.

मग ती एकदम उठली. "गोरखभाऊ! त्या पट्टीनं मला खाज सुटली व्हती. चौकोनी चट्टं उठल्यात. साळुबाईच्या फुलीपाशी कशाला चट्टा आसंल?"

गोरख तिला आणि सिस्टरला घेऊन आत गेला. पाच फुल्यांभोवती पट्टीच्या आकाराचे लाल चौकोन होते, सहावी स्वच्छ होती. त्यानं फाइलमधले फोटो ताडून पाहिले, मशीनवरच एक्स-रे काढून हाडांशी मेळ घातला. पाचही फुल्या जागेवर होत्या. मोठ्या डॉक्टरांनी ते स्वतः दोनदा तपासलं, पू होऊ नये म्हणून आठवड्याच्या गोळ्या लिहून दिल्या, पुन्हा एकदा रागावले, आणि बारावा शेक त्याच दुपारी झाला. बाहेर येऊन तिनं हिरडा मला दिला. माझ्या आजाराला पोट साफ लागतं, ते तिला कोणी सांगितलं होतं कोण जाणे.

प्रबंधात चिकटपट्टीचा एवढाच एक उपयोग झाला, आणि तो लिहायला तक्त्यात रकाना नव्हता.

दोन दिवसांनी श्रेया अवघडून तिच्यापाशी आली. "मावशी, तुम्हाला अभ्यासातून वगळावं लागतंय."

"नापास केलं व्हय?"

"नापास नाही हो. तुम्ही नियम मोडलात ना, त्यामुळे तुमची नोंद धरता येत नाही."

"पर फुल्या तर हायेत."

"फुल्या आहेत," श्रेया म्हणाली. "नोंद नाही."

खुणा कशा टिकवाव्यात या अभ्यासातून, जिच्या खुणा टिकल्या ती बाई अशी बाद झाली. माझी मेंदी नऊ दिवसांत गेली, पण मी एकही नियम मोडला नव्हता, त्यामुळे माझी नोंद 'समाधानकारक' अशी झाली. साठात मी कितवा ते माहीत नाही, पण विज्ञानात माझी भर पडली आहे.

अंबाबाईचे उरलेले शेक एकही दिवस न चुकता पार पडले. शेवटच्या दिवशी भिंतीवर नवी पाटी लागलेली होती. तिनं मला वाचायला लावली. 'पेशंटनी बाहेरून गोंदवून घेऊ नये. हुकुमावरून.'

"माझं नाव घातलंय?"

"नाही."

"मंग लोकांना कसं कळायचं कुणामुळं?"

पंचविसावा शेक घेऊन ती बाहेर आली. बाहेर भागू पिशव्या घेऊन उभा होता, घोडेगावची गाडी चुकेल म्हणून त्याचा जीव टांगणीला लागला होता. फडक्यात एकच हिरडा उरला होता. तो मला मिळेल असं मला वाटलं होतं. तिनं तो श्रेयाच्या हातावर ठेवला.

"मला कशाला मावशी?"

"तुमाला न्हाई," अंबाबाई म्हणाली. "समितीला द्या."

फडकं झटकून, घडी घालून तिनं कमरेला खोचलं आणि भागूच्या पुढं जिना चढून गेली. श्रेयानं हिरडा कोटाच्या खिशात टाकला. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे असं गोरख सांगतो.