धार काढायला लावणारे डॉक्टर

"डोळं मिटा, आनि म्हशीची धार काढा." शाहूपुरीतल्या आमच्या इमारतीत, तळमजल्यावर मनाच्या आजारांचा दवाखाना चालवणारे डॉक्टर संमोहनाची सुरुवात अशी करत. त्यांच्या पुस्तकात म्हणे समुद्रकिनारा होता. पण पेठ वडगाव, कोडोलीहून येणाऱ्या माणसाला समुद्र काय शांत करणार? डॉक्टर चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज तोंडाने काढत, आणि धिप्पाड गडीसुद्धा दहा मिनिटांत मान टाकत. माझा टायपिंगचा क्लास तिसऱ्या मजल्यावर. जाता-येता हे ऐकून मला हसू फुटायचं. तुम्हालाही फुटलं असतं.

एकदा कोडोलीच्या एक मावशी धार काढता काढता हुंदके देऊ लागल्या. त्यांची म्हैस चारच दिवसांपूर्वी मेली होती. डॉक्टर त्या दिवशी जेवले नाहीत. "आधी इचारायला पायजे हुतं मी," एवढंच म्हणाले. तेव्हापासून ते प्रत्येकाला आधी विचारत, तुमचं मन कुठं निवतं?

गावात कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागू लागल्या त्या सुमारास हा प्रश्न मलाही ऐकावा लागला. माझे वडील अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. मला अठ्ठेचाळिसावं लागलं आणि छाती धडधडू लागली. दोनदा काढलेला ईसीजी स्वच्छ होता, तरी माझं बोट दिवसभर नाडीवर. शेवटी जिनाच चढवेना. क्लास बंद करायची वेळ आली.

मन कुठं निवतं, तर टाइपरायटरच्या खडखडाटात, असं मी सांगितलं. डॉक्टर पोट धरून हसले, पण मला डोळे मिटायला लावून त्यांनी तोंडानेच वीस यंत्रं ऐकवली. बरं वाटलं. मग कागदावर लिहायला लावलं, 'जिना चढलो तर मरेन.' शेजारी पुरावा लिहायचा होता. मला एकही सुचला नाही.

"मग चला, मास्तर. भीती ऱ्हाऊ दे संगं."

ते स्वतः माझ्याबरोबर चढत. मधेच माझं बोट मनगटाकडे गेलं की म्हणत, "छाती उडतीया न्हवं? उडू दे की. नाडी बघायची न्हाय." मी चिडायचो, त्यांना नाही नाही ते बोलायचो. ते ऐकून घ्यायचे आणि पुढची पायरी दाखवायचे. तिसऱ्या आठवड्यात मी क्लासच्या दारात पोचलो, तेव्हा मुलींनी टायपिंग थांबवलं. डॉक्टर मात्र पेशंट खोळंबलेत म्हणत खाली निघून गेले.

पुढे काही वर्षांनी, एका सकाळी क्लासमध्ये फोन आला. डॉक्टर झोपेतच गेले होते.

त्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडे. दारात चपला काढताना मला कळलं, की मी तीन मजले उतरून इथवर पळत आलो होतो. छाती फुटेल इतकी धडधडत होती. फार वाईट वाटत होतं, पण भीती कुठंच नव्हती. आणि हे ज्यांना सांगायचं, ते आत चटईवर निजवलेले होते.