बोनसआधीचा हात

आमचा संघ हरतो. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, ओळख म्हणून सांगते. कबड्डीच्या टीव्हीवरच्या मोठ्या लीगमध्ये खेळणारा आमचा संघ गेले दोन हंगाम गुणतक्त्याचा तळ इमानाने धरून बसला आहे. दिवे, धूर, ढोल, नाचणाऱ्या पोरी, सगळं पहिल्या नंबरचं. फक्त गुण तेवढे मिळत नाहीत.

लोहगडवाडीत, गडाची वाट चढायला लागते त्याच्या जरा अलीकडे आमचं हॉटेल आहे. हॉटेल आपलं म्हणायचं. चार खांब, वर पत्रा, तीन बाकं आणि एक चूल. चहा, कांदाभजी आणि सांगाल तर पिठलं-भाकरी. मागे घर आणि घरात टीव्ही. संध्याकाळी गड रिकामा झाला की मी भांडी घासून टीव्हीसमोर बसते आणि तासाभराने डोकं धरून उठते. पुण्याहून दर रविवारी गड चढायला येणारे एक काका तर चहाचा पहिला घोट घेऊनच विचारतात, "काल हरलात वाटतं?" हरल्यावर मी चहात साखर घालायला विसरते म्हणे.

मी स्वतः शाळेत डाव्या कोपऱ्यात खेळायचे. आमचा शाळेचा संघ तीन वर्षं तालुक्याला गेला आणि तिन्ही वर्षं पहिल्या फेरीत घरी आला, त्यामुळे हरण्याशी माझी ओळख जुनी. पण आम्ही हरायचो ते समोरच्या पोरी भारी होत्या म्हणून. हे लोक हरतात ते स्वतःच्या हाताने. आणि हे मी उगीच बोलत नाही, तो हात मी पाहिला आहे.

झालं असं, की समालोचकाचा मला भारी वैताग यायचा. आपण पंधरा गुणांनी मागे असलो तरी तो बाबा म्हणायचा, "सामना अजून हातातून गेलेला नाही." म्हणून एके दिवशी मी आवाजच बंद करून टाकला. आवाज गेला आणि मला माणसं दिसायला लागली. आमचा मुख्य चढाईपटू, सहा फुटी, साताऱ्याकडचा पोरगा, तो जेव्हा बोनस घ्यायला जायचा तेव्हा पाय टाकण्याआधी डाव्या हाताचा तळवा मांडीवर पुसायचा. बोनस म्हणजे, सहा-सात जण समोर असताना एक पाय पुढच्या बोनस रेषेपार टाकायचा आणि दुसरा उचलायचा. कोणाला शिवायची गरज नाही, एक गुण आयता. पण पाय टाकणार हे कोपऱ्यातल्याला आधी कळलं, तर तो घोटाच धरतो आणि मग चढाईपटू गेलाच. हा पोरगा नुसता शिवायला जायचा तेव्हा हात मांडीकडे जायचाच नाही. बोनसला जायचा तेव्हा हात मांडीवर. मी महिनाभर पाहिलं. एकदाही चुकलं नाही. आणि मला दिसत होतं तर समोरच्या संघांना दिसत नसेल?

मी आमच्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं. ते खाटेवर पडून पेपर वाचत होते.

"आगं, लाखांनी पैसं घेत्यात ती मानसं," ते म्हणाले. "कोच हाय, कॉम्प्युटर हाय. त्यांना दिसंना आन् तुला दिसलं व्हय?"

"व्हय, दिसलं."

"मग जा की, तूच हो कोच."

मी हट्टाला पेटले. संघाच्या ऑफिसला दोन पानी पत्र लिहिलं, खाली फोन नंबर टाकला. आठ दिवसांनी फोनवर मेसेज आला: संघाची जर्सी सवलतीत मिळेल. मालक दोन दिवस हसत होते. मला मात्र वाईट वाटलं, खरंच वाईट वाटलं. संघ जिंको, न जिंको. पण मला जे दिसतं ते खरं आहे, एवढं कुणीतरी म्हणावं असं फार वाटायचं. चुलीपुढे बसणाऱ्या बाईला भाकरी कळते, असं सगळे धरून चालतात. पकड कळते असं कोणी धरत नाही.

आणि मग यंदाच्या हंगामात एका मंगळवारी, सकाळचे अकरा-साडेअकरा असतील, गडावरून एकसारख्या निळ्या ट्रॅकसूटमधली वीसेक माणसं खाली उतरताना दिसली. मला वाटलं, कुठल्या तरी कंपनीची सहल. जवळ आली तर पुढच्याचा चेहरा ओळखीचा. मागच्याचाही. माझ्या हातातली परात तशीच राहिली. आमचा अख्खा संघ माझ्या बाकांवर येऊन बसला होता. लागोपाठ सहा सामने हरल्यावर त्यांच्या कोचने त्यांना मोकळ्या हवेत आणलं होतं.

दोन वर्षं मनात जमवलेल्या शिव्या मला त्या घडीला एकही आठवेना. कोच म्हणाले, "मावशी, वीस जणांचं पिठलं-भाकरी होईल का?"

मी म्हटलं, "व्हईल की. पर तासभर लागंल."

तासभर नुसतं बसणारी ती पोरं नव्हेत. आमचं भाताचं खळं नुकतंच मोकळं झालं होतं. सारवलेली गुळगुळीत जमीन बघून त्यांना राहवेना. कोणीतरी टाचेने रेघा ओढल्या आणि त्यांनी हसत-खिदळत खेळ मांडला. कोच माझ्या चुलीशेजारी चहा घेऊन उभे राहिले. साताऱ्याचा पोरगा चढाईला गेला. त्याचा हात मांडीकडे गेला आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "बोनस."

त्याने बोनस टाकला. कोचने माझ्याकडे पाहिलं नाही. पुढच्या चढाईला मी म्हटलं, "आता न्हाई." तो शिवून परत आला. त्याच्या पुढच्या वेळी, "बोनस." बोनसच. आता कोचनी कप खाली ठेवला.

"मावशी, तुम्हाला कसं कळतंय?"

मी भाकरी थापतच राहिले. "त्याचा डावा हात बगा, सायेब. बोनसला जायच्या आदी मांडीवर पुसतोय. लय दिसापासनं करतोय."

कोचनी त्याला हाक मारली आणि माझं म्हणणं ऐकवलं. सगळे हसले. तोही हसला, पण त्याचे कान लाल झाले. "मावशी, बोलणं सोपं असतं," तो म्हणाला. "धरून दाखवा की."

चूल चालू होती, तव्यावर भाकरी होती आणि मालक पाण्याचे कॅन घेऊन नेमके तेव्हाच दारात उभे होते. "आगं आगं," एवढंच ते म्हणाले. मी पदर कमरेला खोचला, हाताचं पीठ पुसलं आणि खळ्यात डाव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. तिथल्या खेळाडूने मला आदबीने जागा करून दिली. तीस वर्षांनी गुडघे वाकवले तर ते कुरकुरले, पण वाकले.

तो आला. कबड्डी-कबड्डी इतकी जवळून ऐकली आणि सगळं अंग जागं झालं. तो उजवीकडे गेला, मध्ये आला, खांद्याने हूल दिली. मी खांद्याकडे पाहिलंच नाही. हात मांडीवर गेला. मी खाली झेपावले आणि त्याचा घोटा दोन्ही हातांत आला.

तो पडला. मीही पडले. त्याने जोर लावला नाही हे मला कळतं. लावला असता तर मी घासत घासत मध्यरेषेपलीकडे गेले असते. पण पाय आधी माझ्या हातात आला होता, आणि पडता पडता त्याच्या तोंडावर जे आश्चर्य होतं ते काही माझा मान राखण्यासाठी आणलेलं नव्हतं. तव्यावरची भाकरी तेवढी जळून कोळसा झाली.

जेवताना तो माझ्या चुलीपाशीच येऊन बसला. "मला खरंच माहीत नव्हतं, मावशी," तो म्हणाला. मी त्याला जास्तीचं तूप वाढलं. जाताना कोचनी विचारलं, "किती दिवसांपासून दिसतंय तुम्हाला हे?" मी म्हटलं, "दोन हंगाम."

शनिवारी सामना होता. माझी कंबर अजून दुखत होती, मालकांनी स्वतः तेल गरम करून दिलं होतं. पहिल्या पाच मिनिटांतच आमचा पोरगा चढाईला गेला आणि त्याने सगळ्यांच्या देखत डावा हात मांडीवर पुसला. मी कपाळावर हात मारला. समोरचा कोपरा, म्हणजे कोपऱ्यातला खेळाडू, त्याच्या घोट्यावर तुटून पडला. पण घोटा तिथे नव्हताच. हा गडी मागे सरकला होता. जमिनीवर आडव्या झालेल्या त्या कोपऱ्याला त्याने आरामात शिवलं, सावरायला आलेल्या दुसऱ्यालाही शिवलं आणि परत आला. दोन गुण! मी खाटेवरून उठून ओरडले, तशी शेजारची कुत्री भुंकायला लागली.

सामना आम्ही तीन गुणांनी हरलो. परंपरा म्हणजे परंपरा. मी उठून भाताचं पातेलं खाली उतरवायला निघाले, तर मालकांनी पेपर घडी करून बाजूला ठेवलेला. ते टीव्हीकडे बघत होते, चेहऱ्यावर आमच्या संघाचा चाहता झाल्याचं सगळं दुःख.

"आगं," ते म्हणाले, "त्यो उजवा कोपरा सारखा का फसतोय? काय चुकतंय त्याचं?"

पातेलं तसंच ठेवून मी त्यांच्याशेजारी खाटेवर बसले आणि सांगायला लागले.