मठ्ठ

मंडळी, आज मान खाली घालून लिहितेय.

इथे जपानमध्ये, फुनाबोरीत मी एका क्लासमध्ये इथेच राहणाऱ्या नववी-दहावीच्या कोरियन मुलांना एकटीच जादा इंग्रजी शिकवते. शंभरदा सांगूनही 'ही गो' ऐकलं की माझ्या तोंडून निघतंच, "मठ्ठ!" मराठी कुणाला कळतंय इथे?

आज क्लास सुरू होताना मिनजी नावाची मुलगी म्हणाली, "टीचर, तुम्ही कोरियन शिकताय ना? 'मत्ता' म्हणजे बरोबर. आम्ही चुकलो तरी तुम्ही 'बरोबर' म्हणता. म्हणून मला इथे बोलायची भीती वाटत नाही."

मी नुसती हसले. खरं सांगायची हिंमतच झाली नाही.

मग ती वाचायला उभी राहिली. पहिल्याच ओळीत चुकली आणि त्या शब्दाची वाट बघत माझ्याकडे बघून हसली.

तुम्ही काय म्हटलं असतंत?