खालच्या खुंट्या

सकाळी घाईत खुर्चीवर टाकलेली माझी ओढणी संध्याकाळी दाराशेजारच्या खालच्या खुंटीवर टांगलेली दिसली. टोकं फरशीवर लोळत होती.

त्या खुंट्या माझ्या चार वर्षांच्या लेकीसाठी, मुक्तासाठी आहेत. ‘वस्तू जागेवर ठेव’ म्हणून मी वर्षभर तिच्यावर ओरडले, आणि जागा होती माझ्या खांद्याच्या उंचीवर. मग सासूबाई आल्या. दोन दिवस नुसत्या बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुक्ताला भिंतीसमोर उभं केलं, हात पुढे करायला लावला आणि बोटं टेकली तिथे पेन्सिलीने रेघ मारली. मोडक्या पाटाची फळी त्या रेघेवर ठोकून घेतली, तिला जुन्या खुंट्या बसवल्या. म्हणाल्या, “हाताला लागली तर ती जागा.”

आपण मुलांकडे शिस्त मागतो आणि घर मांडतो स्वतःच्या मापाने. सासूबाईंना हे त्या रेघेएवढं सरळ दिसलं. त्यांचे आभार मानायचे मात्र राहूनच गेले.

“ओढणी तू ठेवलीस?” मी मुक्ताला विचारलं.

“तुझी खुंटी उंच आहे ना, म्हणून तू विसरतेस,” ती समजुतीने म्हणाली. “माझी घे.”

मी वाकले आणि पर्सही तिथेच अडकवली.