चार पिस्टनांची पंगत

जगातल्या प्रत्येक वस्तूला तिची ठरलेली जोडी असते आणि ती मोडणं पाप आहे, असं मानणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच असेल: केदारखेड्याचे माझे साडू. जांब समर्थला देवळाबाहेरून त्यांची एक चप्पल कुणाच्या तरी पायात निघून गेली. तिथं अगदी तशीच दुसरी पडली होती. पण "ती माझी न्हाई" म्हणून हे एका पायानं अनवाणी एसटीत चढले. घरात पोह्यांच्या डब्यावर साखरेचं झाकण बसलेलं दिसलं, तर पाहुण्यांचा चहा थांबवून आधी ते बदलतात.

नव्वदनंतरच्या एका उन्हाळ्यात त्यांची विहीर आटली. मोसंबीची बाग टँकरच्या पाण्यावर आली आणि नेमका टँकर ओढणारा ट्रॅक्टर धूर ओकत बंद पडला. मिस्त्री लवकर येईना, म्हणून साडूंनी स्वतःच इंजिन खोललं. मी बदनापूरहून मदतीला गेलो, तर अंगणात पळसाच्या चार पत्रावळ्या मांडलेल्या. प्रत्येकीवर एक पिस्टन, त्याला जोडलेला रॉड, आणि रॉडच्या खालच्या टोकाला बसणारं अर्धगोल झाकण.

"पंगत हाय ही, साडभाऊ. एकाच्या पानातलं दुसऱ्यानं उचलायचं न्हाई."

आम्ही जेवायला आत गेलो आणि शेळीनं पत्रावळ्या खाल्ल्या. पिस्टन जड, ते जागीच राहिले. झाकणं मात्र अंगणभर झाली. आधीच्या मिस्त्रीनं त्यांच्यावर खुणा घातल्याच नव्हत्या.

"चारी सारखीच दिसतात," मी म्हणालो. "बसवून टाका. तिकडं झाडं वाळून राह्यली."

"घाईनं बसवलं तर आजचं पाणी मिळंल. मला उन्हाळाभर पाह्यजे."

मग ते एकेक झाकण एकेका रॉडला लावून सांध्यावरून नख फिरवू लागले. नख अडलं की झाकण बाजूला. मेव्हणी दारातून म्हणाली, "माझ्या बांगड्या कधी जोडीनं आणल्या न्हाईत, अन् लोखंडाची लग्नं लावून राह्यले!" साडूंनी पुढचं झाकण उचललं. पिस्टनांवर चढवलेल्या नव्या रिंगा पत्र्याच्या पट्टीत आवळून, हातोडीच्या लाकडी दांड्यानं हलकेच ठोकत त्यांनी पिस्टन आत सोडले. प्रत्येक बसला की हातानं इंजिन फिरवून पाहायचं. तिसऱ्याला ते जरा जड गेलं. मला वाटलं, चालेल. त्यांनी तिन्ही बाहेर काढले आणि पुन्हा नख फिरवायला बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं, धुराविना. टँकर भरून आम्ही बागेत गेलो. बहुतेक झाडांनी अजून दम धरला होता. वरच्या अंगाची एक ओळ मात्र तोवर गेली होती. फांदी वाकवली की कट्कन मोडत होती. साडूंनी मोडलेली काडी खिशात घातली आणि टँकरची नळी त्याच ओळीला लावली.

"अहो, ती गेली," मी म्हणालो.

"उशीर मी केला. त्यांच्या वाट्याचं त्यांना द्यावंच लागंल."

ट्रॅक्टर तो उन्हाळाच काय, पुढं कैक वर्षं कुरकुरला नाही. बाग वाचली. त्या ओळीला पालवी काही फुटली नाही. पण पाऊस लागेपर्यंत साडूंनी तिचं एकही पाणी चुकवलं नाही.