फीडर मी अस्वलासाठी काढला, तुमच्यासाठी नाही

सर्वपित्रीच्या दुपारी आमच्या डेकवर अस्वल जेवून गेलं. इथे कॅनडातल्या कनाटात, भरवस्तीत, भरदिवसा... आणि त्यावरून गेले चार दिवस लोक मला जे ऐकवतायत, त्याला एकदाच सगळ्यांसमोर उत्तर देतो.

मी सुधाकाकू आणि काकांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहतो. कॉलेज अर्ध्यात सोडलंय, सध्या एका ग्रोसरी स्टोअरमध्ये माल लावतो. काकांच्या मते या दोन्ही गोष्टी म्हणजे माझं डोकं फिरल्याचा पुरावा आहे. असो.

बॅकयार्डमधला बर्ड फीडर सईने टांगला होता. सई माझ्या क्लासमध्ये होती. तिने कोर्स पूर्ण केला, मे महिन्यात तिला व्हँकूव्हरला जॉब लागला आणि ती गेली. जायच्या आधी मी तिला जे सांगायचं ते सांगून टाकलं होतं. ती "बघू" म्हणाली.

तेव्हापासून माझ्या 'कशी आहेस'ला उत्तर येत नाही... पण फीडरवर आलेल्या पक्ष्याचा फोटो पाठवला की दहा मिनिटांत येतं. "ही चिकडी नाही रे, नटहॅच आहे." बस, एवढंच. हसा खुशाल. मला तेवढं पुरत होतं.

ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी बघतो तर फीडरचा लोखंडी खांब वाकलेला, बिया फस्त, कुंपणाची एक फळी खाली. मागच्या ओढ्याकाठच्या झाडीतून अस्वल येऊन गेलं होतं. शेजारचा ग्लेन, सत्तरीचा एकटा माणूस, कुंपणावरून म्हणाला, "बडी, विंटरपर्यंत तो फीडर आत ठेव." काका म्हणाले, "काढ ते लचांड, कुंपण काय तुझी सई भरून देणार आहे?" मग स्ट्रीटच्या ग्रुपवर पण लोक सुरू झाले.

जितके जास्त लोक बोलले, तितका मी पेटलो. ग्रुपवर लिहिलं की अस्वलं तुमच्या घरांच्या आधीपासून इथे आहेत, भीती वाटत असेल तर डाउनटाउनला कॉन्डो घ्या. स्वतः भाड्याच्या बेसमेंटमध्ये बसून लिहिलं हे. नवा खांब आणला आणि फीडर आणखी उंच चढवला.

मग सर्वपित्री आली. काकांच्या वडिलांसाठी, अण्णांसाठी, काकूंनी सगळा स्वयंपाक केला आणि पान डेकच्या कठड्यावर नेऊन ठेवलं. वडे, खीर, भात, आमसुलाची चटणी. आता कनाटातल्या कावळ्यांना भाताचं काय कौतुक... एक वाजला, दीड वाजला. कावळा शिवल्याशिवाय जेवायचं नाही म्हणून काका ताटकळत बसलेले, त्यांच्याबरोबर मी पण.

कावळा आला नाही. अस्वल आलं.

कठड्यावर पुढचे पाय टेकून त्याने ताट खाली ओढलं, वडे गट्ट केले आणि खिरीची वाटी चाटत बसलं. आम्ही तिघं पॅटिओच्या काचेआड, श्वास रोखून.

"आधी वडे संपवले," काकू हळूच म्हणाल्या. "अण्णांचं पण असंच असायचं." आणि चक्क हात जोडले.

"अगं, अस्वल आहे ते," काका म्हणाले.

"असू दे. उपाशी तर नाही ना गेले."

तेवढ्यात ग्लेन पातेलं आणि मोठा चमचा घेऊन त्याच्या अंगणात आला आणि जोरजोरात बडवायला लागला. अस्वलाने मान वर करून एकदा त्याच्याकडे बघितलं. मग निवांत चालत फीडरखाली गेलं आणि सांडलेल्या बिया खात बसलं. चांगली दहा मिनिटं... रोजचं गिऱ्हाईक असल्यासारखं.

ते गेल्यावर मी तरातरा ग्लेनकडे गेलो. म्हटलं, कर फोन, कर कम्प्लेंट, मी कोणाला घाबरत नाही. तो भांडलाच नाही. पातेलं अजून हातात होतं.

"मी फोन करणार नाही," तो म्हणाला. "कोणालाच करावा लागू नये म्हणून तर तुझ्या मागे लागलो होतो. गेल्या वर्षी मागच्या स्ट्रीटवर एक यायचं. ते पण असंच पळेनासं झालं होतं. मग कोणीतरी फोन केला आणि त्याला गोळी घातली."

ग्रुपवर अस्वलाची बाजू घेऊन मी भांडत होतो, आणि त्याला बिया चारून माणसांची सवय लावणारा पण मीच. कशासाठी? तर एका मुलीचं उत्तर दहा मिनिटांत यावं म्हणून.

घरी येऊन फीडर उतरवला. गवतातल्या बिया हाताने वेचल्या, तासभर लागला. काकूंनी रिकामं ताट उचललं आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पान खिडकीच्या आत ठेवू."

काकांना वाटतंय मी त्यांचं ऐकलं. ग्रुपवाल्यांनी 'फायनली' लिहून अंगठे पाठवलेत. तुमचे अंगठे तुमच्याकडेच ठेवा. ग्लेनला मराठी वाचता येत नाही, पण आभार मानायचे तर त्याचे. मला ओरडायचा हक्क होता त्याला, आणि तो ओरडला नाही.

संध्याकाळी सईला लिहिलं, पहिल्यांदाच फोटो न जोडता. 'फीडर काढलाय. आता पक्षी नाहीत, नुसता मी आहे. नको असेन तर तसं सांग, पण मला सांग.'

चार दिवस झाले. निळ्या टिक्स आल्यात, उत्तर नाही. काका म्हणतात, आता तरी शहाणा हो. झालोय की... आमिष लावणं सोडलंय. वाट बघणं नाही.