तिसऱ्या गाण्याला मी उठलो

बनशंकरीच्या आमच्या घरी नातीनं तो अल्बम पहिल्यांदा लावला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी माणसाला पत्र्याच्या शेडमध्ये कोंडून बडवतंय.

"पंक आहे, अज्जा. माझ्या जन्माआधीचा. जगभर लोक डोक्यावर घेतात."

घेऊ देत. तरुणपणी मी इथल्याच तालमीत दोन्ही कान चेचून घेतलेत. शाळा चौथीत सुटली, पण मला काय आवडतं ते मला कळतं. "बंद कर," म्हणालो. तिनं आवाज वाढवला. मी स्पीकर उचलून फरशीवर आपटला. ती रडली नाही. तुकडे लाथेनं माझ्याकडे ढकलले, बॅग भरली आणि कोरमंगलात पीजीत राहायला गेली. माझा फोन उचलेना. माझ्या मांडीवर वाढलेली पोर.

मग सुनेकडून निरोप आला. नातीचा बँड तो अख्खा अल्बम वाजवणार आहे. अज्जानं शेवटपर्यंत बसून ऐकलं तर पाडव्याला घरी येईन.

गेलो. काळ्या भिंतींची खोली, मला कोपऱ्यात एक स्टूल. नात ड्रमवर. दात आवळून असं मारत होती, की जणू त्या ड्रमनं तिचं घर लुटलंय. पहिलं गाणं सुरू होण्याआधीच संपलं. दुसरंही तसलंच. तिसऱ्याला समोरची पोरं एकमेकांवर तुटून पडली. खांदे छातीत, कोपरं जबड्यात. कुस्तीत एकाला एक असतो. इथं कोण कुणाचा, पत्ता नाही. एका टकल्याचं कोपर एका बारक्या पोरीच्या तोंडावर बसलं. ती खाली गेली.

मी उठलो. टकल्याचा हात खांद्यावर घेतला आणि धोबीपछाड. उताणा पडायचा तो तोंडावर पडला, नाक फुटलं, रक्त माझ्या धोतरावर. तेवढ्यात मागून कुणाचा तरी खांदा बसला आणि मीही आडवा. कवळी उडाली. म्हटलं, आता तुडवून मारतात.

तर चारी बाजूंनी हात आले आणि मला उभं केलं. एकानं कवळी शर्टाला पुसून हातात दिली. टकल्या रक्ताळलेल्या दातांनी हसत कानडीत ओरडला, "सूपर, अज्जा! इन्नोम्मे!" पुन्हा एकदा म्हणे! आणि ती बारकी पोर माझ्यावरच खेकसली, "त्याला का मारलंत? मजा येत होती!"

नात बघत होती. हात थांबले नव्हते. मी स्टूल ओढलं, कवळी बसवली आणि फुटक्या ओठानं शेवटपर्यंत बसलो. एकही गाणं डोक्यात शिरलं नाही.

नात स्टेजवरून खाली आली. घामानं निथळत होती. "कसं वाटलं?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. खोटं बोलायला काय लागतं? "नाही आवडलं," म्हणालो.

"मध्येच उठलात."

"उठलो. गेलो नाही."

तिनं माझ्या ओठाकडे पाहिलं. "सरी, ठीक. येते. पण नवा स्पीकर तुमच्याकडून."

पाडव्याला आली. नाकाला पट्टी लावलेला टकल्याही सोबत. त्यानं पुरणपोळ्या हाणल्या आणि मग दिवाणखान्यात उभा राहून म्हणाला, "अज्जा, तो डाव शिकवा." नातीनं तेवढ्यात अल्बम लावला. मी आधी कवळी काढून वाटीत ठेवली, मग त्याचा हात धरला.

अल्बम अजून आवडलेला नाही.